गोंदणाला हात लावायचा नाही

२३ जून, सोमवार. सकाळी दवाखाना उघडून मी चष्मे धुवायला बसले होते. लेसरच्या खोलीत जो कुणी असेल, पेशंट धरून, त्यानं डोळ्यांवर चढवायचे हे जाड काचांचे चष्मे. आमच्याकडे असे पाच आहेत. दिवसभरात त्यांना घाम, काजळ, डोक्याचं तेल सगळं लागतं. कोरड्या फडक्यानं पुसले तर काचेवर चरे पडतात, म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवून बोटांनी चोळायचे आणि सावलीत वाळत घालायचे. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. डोळा एकदा गेला की परत येत नाही, आणि मला कुणाची माफी मागायला आवडत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला होता तो असा: मुरमांवरचे लेसर उपचार आणि त्यातलं नवं संशोधन. मी म्हटलं, "संशोधन डॉक्टरांना विचारा. मी लेसरच्या शेजारी उभी राहणारी सिस्टर आहे. मला फक्त दारात कुणाला आत घेतात आणि कुणाला परत पाठवतात तेवढं माहीत आहे." ते म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून ही यंदाच्या जूनमधली तारीख. त्या दिवशी सोनाली आली.

पण आधी दवाखान्याबद्दल सांगते. तो नसरापूरच्या बाजूला, हायवेपासून जवळ आहे. खाली खतांचं दुकान, वर आम्ही. डॉक्टर मॅडम पुण्याहून सोमवारी आणि गुरुवारी येतात. बाकीचे दिवस मी पट्ट्या बदलते, फोन घेते आणि लोकांना "क्रीम लावून बघा असं टीव्हीवर सांगतात ते लावू नका" असं सांगते. त्याआधी कित्येक वर्षं मी भोरला सरकारी दवाखान्यात होते. विंचू, साप, बाळंतपणं, कोयत्याच्या जखमा सगळं केलं. तिथून इथं आले तेव्हा जुन्या मैत्रिणी हसल्या. "शैला आता पुटकुळ्या फोडणार." मी म्हटलं, फोडायच्या नसतात, हेच तर सांगायला जातेय.

लोकांना वाटतं मुरूम म्हणजे नखऱ्याचा आजार. माझं म्हणणं वेगळं आहे. गालावर, जबड्यावर बोराएवढी गाठ येते, तिच्यात पू होतो, उशीला गाल टेकवता येत नाही, हसलं की ताणतं, आणि ती बसली की कातडीत खड्डा ठेवून जाते. असं दोन-चार वर्षं चाललेलं माणूस माझ्यासमोर बसतं तेव्हा ते आरशाबद्दल बोलत नाही. दुखण्याबद्दल बोलतं.

नखरेवालेही येतात, नाही असं नाही. आमच्या भागात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात हे सर्वांना माहीत आहे. एक तरुण नेता असाच आला होता. नाकावर एकच पुटकुळी. परवा फोटो काढायचा होता, चौकात भला मोठा फ्लेक्स लागणार होता. "सिस्टर, एक शॉट मारा फक्त." मी म्हटलं, "दादा, फ्लेक्सवाला तुम्हाला चार शेड गोरा करणार आहे. एक पुटकुळी त्याला जड आहे का?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "त्याला जमतंय व्हय?" आणि गेला. फ्लेक्स मी नंतर पाहिला. पुटकुळी नव्हती. नाकही निम्मं नव्हतं.

आता लेसरबद्दल, मला समजलंय तेवढं. केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक पिशवी असते. तिचं तोंड मेलेल्या कातडीनं बुजलं, आत तेल साठलं, जंतू वाढले की मुरूम. पहिलं औषध मलम, मग गोळ्या. लेसर हे पहिलं औषध नाही, आणि तसं सांगणाऱ्याच्या दुकानातून उठून यावं. प्रकाशाचे उपचार आले तेव्हा आधी निळ्या उजेडानं जंतू मारायचे प्रयत्न झाले. गुण यायचा, पण टिकायचा नाही. मग लाली कमी करणारे लेसर आले, ते रक्तवाहिन्यांवर काम करायचे. आता सगळं लक्ष त्या तेलाच्या पिशवीवर आहे. असा प्रकाश शोधलाय की जो तेलात जास्त जिरतो, म्हणजे पिशवी तापते आणि वरची कातडी गार ठेवता येते. मॅडम दर महिन्याला याबद्दल नवीन काही वाचतात आणि मला जेवताना सांगतात. गुण किती दिवस टिकतो, किती बैठका लागतात, गोळ्यांसोबत द्यावं की एकटं, हे प्रश्न चालू आहेत. बरेचसे अभ्यास छोटे, थोड्या महिन्यांचे, आणि प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी. म्हणून दोन अभ्यास शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, असं मॅडम म्हणतात आणि डबा बंद करतात.

आणि एक गोष्ट. सुरुवातीचं पुष्कळसं काम गोऱ्या कातडीवर झालं. सावळ्या कातडीत रंग जास्त, तो रंगच उष्णता ओढून घेतो, मग मुरूम जातो आणि काळा डाग राहतो. आता सावळ्या कातडीवर काम वाढलंय, हे चांगलंच. पण त्यातही कोण? बहुतेक शहरातली, ऑफिसात बसणारी माणसं. कारण नियम असा की उन्हात काम करणारा पेशंट शक्यतो नको. चेहऱ्यावर गोंदण असलेला तर नकोच.

याला शास्त्र आहे, मी नाकारत नाही. आमच्या मशिनचा प्रकाश गडद रंगावर तुटून पडतो. गोंदणाची शाई म्हणजे गडद रंग. त्यावर चुकून झोत पडला तर तिथं भाजतं, फोड येतो, व्रण राहतो. म्हणून कंपनीचा माणूस मशिन शिकवायला आला तेव्हा बजावून गेला, "मॅडम, असे पेशंट घेऊच नका. रिझल्ट खराब होतात." मी विचारलं, "मग रिझल्ट नक्की कुणाचे चांगले येतात?" तो हसला. मी गंमत केली असं त्याला वाटलं.

आमचे पेशंट येतात त्या वेल्ह्याच्या डोंगरात ऊन आणि गोंदण वजा केलं तर उरतं कोण? तलाठी आणि बँकेतले साहेब.

तर त्या सोमवारी चष्मे वाळत घातले आणि जिन्यावर पावलं वाजली. पुढं एक बाई, साठीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मागं मुलगी, बावीस-तेवीसची, पंजाबी ड्रेस, ओढणी नाकापर्यंत.

"शिस्टर, ही माजी सोनाली," बाई म्हणाली. "पासलीच्या वर आमचा वाडा हाय, धनगराचा. पयल्या यष्टीनं निघालोय. आता आमाला परत धाडू नका."

"अजून नावही लिहिलं नाही आणि परत कुठून धाडू? तुमचं नाव?"

"ठकूबाई."

सोनालीनं ओढणी काढली. दोन्ही गालांवर आणि जबड्यावर गाठी होत्या, काही पिकलेल्या. कातडी जिथं गाठ नव्हती तिथं पातळ, लालसर, चकाकणारी. हे मी ओळखते. "कुठलं क्रीम लावत होतीस?"

"बाजारात मिळतंय त्ये. ट्यूब. गोरं व्हायचं."

"किती दिवस?"

"संपली का आनायची."

ती ट्यूब म्हणजे आमच्या तालुक्यांना लागलेली कीड आहे. त्यात स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग मुरमं दुपटीनं येतात, मग माणूस आणखी ट्यूब आणतं.

तिचा चेहरा धुवायला घेतला. धुतल्याशिवाय मी कुणालाच मॅडमपुढं बसवत नाही. पाणी झालं, साबण झाला. मग कापसावर औषध घेऊन हनुवटीवरून फिरवलं तर कापूस तपकिरी झाला. आणखी एकदा फिरवलं. तपकिरी थराखालून हिरवा ठिपका वर आला.

मी डाव्या गालाकडे वळले तशी सोनालीनं माझं मनगट धरलं. शेळ्या धरणारा हात तो, मला हलता येईना.

"तितलं पुसू नका."

"का?"

ठकूबाई खिडकीतून खतांच्या गोण्या बघायला लागली.

मी हात सोडवून घेतला आणि पुसलं. डाव्या गालावर तीन ठिपके, भुवयांच्या मधे एक, हनुवटीवर एक. वरून कातडीच्या रंगाची दाट पावडर, पाण्यानं न निघणारी, नवरीला लावतात ती. वेल्ह्याच्या बाजारातून मुद्दाम आणलेली.

"पुन्याला एका ठिकानी गेलतो," सोनाली म्हणाली. "तितल्या पोरीनं गोंदण बगितलं आन् म्हनाली, तुमचं होनार न्हाई. आत बी घेतलं न्हाई. मग म्या म्हटलं झाकून जावं."

मी घाबरले, हे लिहायला हरकत नाही. त्या पावडरीवरून लेसर फिरला असता तर पाच ठिकाणी भाजलं असतं आणि का ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नसतं. ही चूक फक्त आमच्याच भागात होऊ शकते. गोंदण आहे म्हणून दार लावायचं, मग गोंदण झाकून माणूस खिडकीतून येतं, आणि भाजतं तेही त्याचंच.

"पुन्हा असं केलंस तर मीच परत धाडीन," मी म्हटलं. "गोंदण उघडं ठेवून ये."

"मंजी घेनार तुमी?"

"मी नाही, मॅडम घेतील. बस तिथं."

मॅडमनी तिला बराच वेळ तपासलं. दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली म्हणजे हट्टी मुरमांवरची जी सगळ्यांत जोरदार गोळी आहे, ती या मुलीला देणं अवघड. ती गोळी चालू असताना दिवस गेले तर पोटातल्या बाळात व्यंग येतं. सोनालीची सोयरीक ठरली होती, वरव्याच्या एका मुलाशी, तो तिथल्याच एका कंपनीत कामाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. आणि ठकूबाईनं आपणहून सांगून टाकलं की त्यांच्याकडे पहिल्या वर्षी पाळणा हलला नाही तर लोक विचारायला लागतात. म्हणजे गोळी नाही. मुळात लेसरवर एवढं संशोधन चालतं त्यामागचं एक कारण हेच, की त्या गोळीला पर्याय हवा आहे. दुसरी अडचण गोंदणाची.

"ऊन कसं टाळणार?" मॅडमनी मला विचारलं.

"आषाढ-श्रावणात पासलीच्या वर ऊन असतं कुठं? चार हातांवरचं दिसत नाही धुक्यात," मी म्हटलं.

"ढगातूनही किरण येतात, शैलाताई. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून कातडीला लागत नाहीत असं नाही." मॅडमचं बरोबर होतं. पण मग त्या म्हणाल्या, "तरी हेच महिने बरे. आधी ती ट्यूब बंद. मलम आणि साध्या गोळ्या. कातडी शांत झाली की जबड्याखाली एका जागी छोटा झोत मारून बघू. डाग पडला नाही तर पुढे. चेहऱ्याला उन्हापासूनचं क्रीम आणि वर कापड, शेळ्यांमागं जातानाही."

"आणि गोंदण?"

"पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकायचं, ठिपक्यापेक्षा मोठं. वर ओली पांढरी पट्टी. पांढऱ्यावरून प्रकाश परततो. ठिपक्यांना लागून असलेल्या मुरमांवर लेसर नाही, तिथं मलमच." त्या सोनालीकडे वळल्या. "किंवा गोंदण आधी काढता येतं. त्याचं मशिन वेगळं, पुण्याला आहे. वेळ लागेल, पण बरंचसं निघेल."

"न्हाई," सोनाली म्हणाली.

"विचार करून सांग."

"त्यात काय इच्यार? फोड मला न इच्यारता आल्यात. गोंदण म्या मागून घेतलंय."

अकरा वर्षांची असताना जत्रेत हट्ट करून घेतलं होतं म्हणे. बॅटरीच्या मशिनवाला एकच ठिपका गोंदणार होता. हिनं आईच्या चेहऱ्यावर होते तेवढे सगळे मागितले. ठकूबाईच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं. हनुवटीवर, गालावर, भुवयांमधे, सगळे त्याच जागी.

ट्यूब बंद केल्यावर पंधरवडा वाईट गेला. चेहरा पेटल्यासारखा झाला. सोनाली फोनवर मला शिव्या द्यायची बाकी होती. तिकडे रेंज एका टेपाडावरच येते, तिथून ती ओरडून बोलायची. "शिस्टर, ह्ये बरं व्हायलंय का बिघडायलंय?" मी म्हणायची, "बिघडून बरं होणार. ट्यूब आणलीस तर मला कळेल." कापड बांधून गेली तर शेळ्या बिथरल्या. ठकूबाई तिच्या तरण्या शेळीची तक्रार घेऊन आली, "माजी पाटी वळखंना तिला. लांडगा आल्यावानी पळतीया." मी म्हटलं, पाटी चार दिवसांत ओळखेल, तुम्ही कापड काढू नका. पाटीनं दोनच दिवसांत ओळखलं.

जबड्याखालच्या झोताचा डाग पडला नाही. मग पहिली बैठक झाली, नंतर दुसरी. पांढरे गोल मी कापत असे, मॅडम त्यांच्या जागा तपासत आणि मगच हातात मशिन घेत. पाचही ठिपके झाकून सोनाली पडली की ती लहान मुलांच्या खेळातल्या सोंगासारखी दिसायची. हसू नकोस म्हटलं की जास्त हसायची. दुखायचं तिला. रबर ताणून सोडल्यासारखं लागतं, गाठीवर जास्त. पण ती ओरडत नसे, मोठ्यानं मोजत असे. मॅडम म्हणाल्या, कुणीतरी माझं काम मोजतंय हे पहिल्यांदाच होतंय.

दुसऱ्या बैठकीनंतर गाठी बसायला लागल्या. सगळ्या नव्हे. पण ती उशीवर गाल टेकवून झोपली, हे तिनं टेपाडावरून ओरडून सांगितलं.

तिसरी बैठक श्रावणातल्या एका सोमवारी होती. त्या दिवशी दोघींबरोबर तिसरी बाई आली. वरव्याच्या इंदूबाई, सोनालीच्या होणाऱ्या सासूबाई. चापूनचोपून नेसलेली साडी, खांद्याला पर्स, कपाळावर रुपयाएवढी टिकली.

"मी बी आत येनार," त्या म्हणाल्या.

"चष्मा लावून बसावं लागेल."

"लावते की. मोतीबिंदूला लावलेला हाय."

मी चौघींना चष्मे दिले, पाचवा स्वतः चढवला. लेसरच्या खोलीत पाचजणी, पाचही काळ्या चष्म्यात. कुणाचे डोळे कुणाला दिसेनात. मी सोनालीच्या चेहऱ्यावर पांढरे गोल चिकटवायला लागले तशा इंदूबाई पुढे सरकल्या.

"ह्ये काय लावताय?"

"गोंदण वाचवतोय."

"वाचिवताय कशाला? शिस्टर, फोड घालवायलाय तर त्यो हिरवा गोंधळ बी घालवा की. एका फेरीत दोन कामं."

मॅडमनी मशिन खाली ठेवलं. "ते या मशिननं होत नाही, काकू. आणि तिला नको आहे."

"तिला काय कळतंय? आमी कंपनीच्या लोकांत ऱ्हातो. कॉलनीत सगळ्या शिकल्या-सवरल्या बाया." इंदूबाईंनी टिकली उचकटली आणि बोटावर धरली. टिकलीखाली, भुवयांच्या मधे, हिरवा ठिपका. "ह्यो बगा. पयल्यांदा ऱ्हायला गेलो तवा हळदी-कुंकवाला बोलिवलं. एकीनं इच्यारलं, हे शाई सांडली काय? सगळ्या हसल्या. तवापस्नं टिकली काढून म्या आंघुळ बी करत न्हाई. ही पोर पाच-पाच ठिपकं घिऊन त्यांच्यात जानार? रोज हसत्याल तिला."

मला ही बाई आवडली नव्हती, आणि तरी ती खोटं बोलत नव्हती.

सोनाली पडल्या पडल्या म्हणाली, "हसू द्या, आत्याबाई. त्यांच्या दातावर हितं इलाज न्हाई."

"तोंड लई चालतंय तुजं!"

"तोंडावरच तर चाललंय समदं."

ठकूबाईनं मधे पडून तिला गप्प केलं. "सोने, ऐक की जरा. काय ठिपक्यांनी पॉट भरतंय व्हय? माजं बी न्हाई का..." आणि बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या हनुवटीवर गेला आणि तिथंच राहिला.

"आये, तुजं काढायचं का आधी?" सोनालीनं विचारलं. "तुजं काढू, मग माजं काढू."

ठकूबाईनं हनुवटीवर पदर ओढला.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती मी भोरच्या दवाखान्यातून आणली. बाईच्या अंगाचा निर्णय असेल तर बाकीच्यांना बाहेर काढायचं आणि तिला एकटीला विचारायचं. आई, सासू, नवरा, कुणी असो. मी दार उघडलं. "तुम्ही दोघी बाहेर बसा."

इंदूबाई म्हणाल्या, "मी तिची सासू हाय."

"अजून नाही."

हे मी जरा जोरात बोलले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पण चष्म्यामुळे मला त्याचा अर्थ कळला नाही, आणि समजून घ्यायची मला गरज वाटली नाही.

दार लावल्यावर मॅडमनी सोनालीला शांतपणे सगळं सांगितलं. गोंदण काढायचं असेल तर आज थांबू, पुण्याची तारीख घेऊ. ठेवायचं असेल तर ठिपक्यांजवळचे मुरूम लेसरविना राहतील, तिथं हळू बरं होईल, कदाचित एखादा खड्डाही राहील. लग्नाबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. ते तिचं तिनं बघायचं.

"सोयरीक मोडली तर?" तिनं मला विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला.

"मोडेल," मी म्हटलं. "मोडणार नाही असं मी खोटं कशाला सांगू?"

ती पांढऱ्या गोलांच्या चेहऱ्यानं छताकडे बघत म्हणाली, "मला फोडांचं दुकतंय म्हनून म्या आले. गोंदण दुकत न्हाई. ज्ये दुकत न्हाई त्ये काढायला म्या आले न्हाई." आणि पुढं, "लावा मशिन. मी मोजते."

मॅडमनी लावलं. ती मोजत राहिली, आवाज दाराबाहेर जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाहेर आलो तर इंदूबाईंनी टिकली परत लावली होती, थोडी वाकडी. त्या सोनालीकडे न बघता ठकूबाईला म्हणाल्या, "माज्या संतोषला इच्यारते. कळिवतो." आमच्या भागात मुलाकडची माणसं कळवतो म्हणाली की काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. जिना उतरून त्या गेल्या. ठकूबाई बाकावर बसली आणि माझ्यावर फुटली.

"तुमाला काय! तुमचं मशिन चाललं, झालं. पोरीची सोयरीक तुमी घालिवली."

"मी घालवली नाही, ठकूबाई. आणि मी वाचवणारही नव्हते. ते माझं काम नाही."

"मंग तुमचं काम काय?"

"तिला भाजू न देणं."

ती उठली आणि मुलीला घेऊन गेली. जाताना क्रीमची पिशवी बाकावर राहिली. विसरली की ठेवली, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी चेहरा दाखवायला यायचं सांगितलं होतं, तेही होणार नाही हे उघड होतं.

त्या दुपारी मशिनच्या कंपनीचा तोच माणूस फोनवर होता. नवे उपचार केलेल्यांचे फोटो हवे होते. मॅडम त्याला म्हणाल्या, चेहऱ्यावर गोंदण असलेल्या पेशंटची नोंद आमच्याकडे आहे. तो म्हणाला, ते नको, गुंतागुंतीचं होतं. फोन ठेवून मॅडम मला म्हणाल्या, "शैलाताई, अशी एक केस नीट नोंदवून मला त्वचेच्या डॉक्टरांच्या बैठकीत मांडायची आहे. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. पण आज कुणी विचारलं की गोंदण असलेल्या, उन्हात काम करणाऱ्या बाईला काय द्यावं, तर उत्तर काय? तिला घेऊ नका. हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. तिची परवानगी असली तर उद्याचा फोटो लागेल. आता कुठला मिळतोय म्हणा."

मला संशोधनातलं जे पटतं ते एवढंच. जो माणूस मोजलाच नाही, तो सुरक्षित की धोक्यात, हे कुणाला माहीत नसतं. आणि न मोजायचं कारण दरवेळी त्याच्याच चेहऱ्यावर दाखवायचं, हा शहाजोगपणा मला मान्य नाही. ऊन आमच्या डोक्यावर आहे, गोंदण आमच्या बायकांनी हौसेनं घेतलंय, पावडर आम्ही भीतीनं लावतो. मशिन जगभर फिरून आमच्या हायवेपर्यंत आलंय, तर आणखी घाट चढून वर येऊ दे. अवघड आहे म्हणतात. सोपं असतं तर त्यांना डॉक्टर कशाला लागले असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेल्ह्याची पहिली एसटी पकडली. तिथून पासलीपर्यंत दूधवाल्याचा टेम्पो, आणि पुढं चढ. भाताची खाचरं संपली, धुकं लागलं. कुत्र्यानं मला वाड्याच्या बाहेरच रोखून धरलं. ठकूबाई बाहेर आली, कुत्र्याला हाकललं, मला बघितलं आणि आत जाऊन चुलीवर चहा ठेवला. मी राहिलेली क्रीमची पिशवी उंबऱ्यात ठेवली.

सोनाली गोठ्यातून आली. चेहरा सुजलेला, जिथं झोत लागला तिथं लाल, पण कुठं पाणी भरलेलं नाही, भाजलेलं नाही. मी बोटांनी दाबून बघितलं. पाचही ठिपके आपल्या जागी, कडा स्वच्छ. वरव्याहून फोन आला का, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "रातीच आला. न्हाई म्हनले."

"मग?"

"मग काय? शेळ्या सोडायच्यात."

मी फोटोचं सांगितलं, कशासाठी, कोण बघणार, नको म्हणायचा तिचा हक्क आहे, सगळं. गालाचा तेवढाच तुकडा घेता येतो, तोंड कुणाला ओळखू येत नाही, हेही सांगितलं. तिनं हात पुसले, केस मागं सारले आणि उजेडाकडे तोंड करून दारात उभी राहिली.

"तुकडा नगं. अख्खं घ्या."

आधी उजवी बाजू घेतली, मग डावी. मग समोरून, हनुवटीचा ठिपका बरोबर मधे धरून.